पीसीएक्स फाइल उघडत नाही? आधी पहिले १२८ बाइट वाचा

फ्लॉपीच्या जुन्या डब्यात, बंद पडलेल्या डीटीपी सेंटरच्या हार्ड डिस्कवर किंवा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी राइट करून ठेवलेल्या एखाद्या सीडीवर ‘.पीसीएक्स’ शेपटीच्या फाइली हमखास निघतात. विंडोज ११ वर डबल-क्लिक केलं की फोटोज अ‍ॅप हात वर करतं, पेंटही उघडायला नकार देतं, आणि माणूस ठरवून टाकतो की फाइल गेली. बहुतेक वेळा ती गेलेली नसते. या फॉरमॅटबद्दल उघडणाऱ्या प्रोग्रामने काहीतरी चुकीचं गृहीत धरलेलं असतं, आणि नेमकं काय चुकीचं धरलं हे त्या फाइलच्या पहिल्या १२८ बाइटांत कळतं. म्हणून हा लेख थोडा हेक्स एडिटरकडे, म्हणजे फाइलमधले बाइट थेट दाखवणाऱ्या आणि बदलू देणाऱ्या प्रोग्रामकडे, झुकलेला आहे. घाबरू नका, प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. मोजता आलं की पुरे.

पीसीएक्स ही अमेरिकेतल्या झेडसॉफ्ट कंपनीची निर्मिती. १९८० च्या दशकात त्यांचा पीसी पेंटब्रश हा डॉसवरचा चित्रांचा प्रोग्राम होता, त्याची ही घरची फाइल. पुढे मायक्रोसॉफ्टने झेडसॉफ्टकडूनच पेंटब्रश घेतलं आणि १९९० च्या विंडोज ३.० मध्ये ते आलं. त्या काळी स्कॅनर, फॅक्स, व्हेंचुरा पब्लिशर आणि पेजमेकर हे पानं लावण्याचे प्रोग्राम, हे सगळे पीसीएक्स घेत किंवा देत. त्यामुळे छापखान्यांतली रेखाचित्रं, लेटरहेडवरचे लोगो, नकाशे, सह्यांचे स्कॅन असा माल या फॉरमॅटमध्ये सापडतो. १९८७ चं जीआयएफ, नंतरचं जेपीईजी आणि १९९६ चं पीएनजी आल्यावर पीसीएक्सचं कारण संपलं. विंडोजच्या पेंटमधूनही ते कधीच गेलं. जाऊ दे, रडण्यासारखं काही नाही. फॉरमॅट म्हणून ते तसं बेतासबातच होतं. पण साधं होतं, आणि त्या साधेपणामुळेच आज त्याची दुरुस्ती हाताने करता येते.

मूळ माध्यमावर काम करू नका

फाइल अजून फ्लॉपीवर असेल तर पहिलं काम चित्र उघडण्याचं नाही, फ्लॉपी सुरक्षित उतरवून घेण्याचं आहे. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यात सरकती खिटी असते. ती अशी सरकवा की भोक आरपार दिसेल. भोक उघडं म्हणजे फ्लॉपीवर काही लिहिलं जाणार नाही. मगच ती यूएसबी ड्राइव्हमध्ये घाला. त्याआधी धातूची झडप हलकेच सरकवून आतली चकती पाहा. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या फ्लॉप्यांवर पांढरट बुरशी चढलेली असते. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर ती स्वतः खरवडली जातेच, शिवाय ड्राइव्हचं हेड घाण होऊन पुढची चांगली फ्लॉपीही बिघडते. बुरशीवाली फ्लॉपी बाजूला ठेवा आणि तिचं काम सगळ्यात शेवटी करा.

सव्वापाच इंची फ्लॉपीसाठी बाजारात सरळ यूएसबी ड्राइव्ह मिळत नाही. त्यासाठी जुनी ड्राइव्ह आणि ग्रीझवीझलसारखं फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल थेट वाचणारं छोटं बोर्ड लागतं. ते तुमच्याकडे नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला शोधा, स्वतः प्रयोग करू नका.

फाइली एक-एक करून ओढून घेण्यापेक्षा सबंध फ्लॉपीची डिस्क-इमेज, म्हणजे तिच्यावरच्या सगळ्या बाइटांची एकच फाइल, काढणं शहाणपणाचं. १.४४ एमबीच्या फ्लॉपीची पूर्ण इमेज बरोबर १४,७४,५६० बाइटांची भरते. आकडा कमी आला तर काहीतरी सुटलं आहे. ही इमेज एका फोल्डरात ठेवून त्या फोल्डरला हात लावायचा नाही. काम सगळं नकलेवर.

आधी दोन प्रोग्राम, मग निदान

विंडोजवर पहिल्यांदा इरफानव्ह्यू घाला. घरगुती वापराला ते फुकट आहे, हलकं आहे आणि पीसीएक्स त्याला व्यवस्थित कळतं. दुसरा एक्सएनव्ह्यू एमपी, जो मॅक आणि लिनक्सवरही चालतो. चित्रं सुधारण्याचा गिम्प हा प्रोग्राम तिन्हीकडे आहे आणि दुरुस्तीसाठी पुढे लागणारच आहे. लिब्रेऑफिस ड्रॉसुद्धा पीसीएक्स आत घेतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. मॅकवर ग्राफिककन्व्हर्टर चांगलं. लिनक्सवाल्यांना इमेजमॅजिक आणि नेटपीबीएम ठाऊक असतीलच. फोटोशॉप असेल तर तेही पीसीएक्स उघडतं, पण फक्त यासाठी कुणी ते विकत घ्यायला जाऊ नये.

दोन प्रोग्राम का? कारण प्रत्येकाने या फॉरमॅटचा अर्थ थोडा वेगळा लावलेला आहे. एकात काळंठिक्कर दिसणारं चित्र दुसऱ्यात अगदी नीट दिसतं, असं पीसीएक्सच्या बाबतीत नेहमी घडतं. दोन्हींत नीट दिसलं तर पुढचं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा. दोन्हींत वेगवेगळं दिसलं तर फाइल जवळजवळ नक्की शाबूत आहे. दोघांनीही नाकारली तर खरी चौकशी सुरू.

‘पीसीएक्स व्ह्यूअर’ या नावाने शोधलं की ढिगाने साइट येतात, त्यांतल्या अनेक भलतंच काहीतरी तुमच्या गळ्यात मारतात. त्या टाळा. ऑनलाइन कन्व्हर्टरही टाळा, निदान सह्या, कागदपत्रं आणि ग्राहकांचा माल असेल तेव्हा तरी.

एक बारीक गोष्ट: विंडोज फाइलची शेपटी लपवतं. एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाइलनावाच्या एक्स्टेन्शन दाखवा असं आधी सांगा. कारण ‘.पीसीडी’ म्हणजे कोडॅकची फोटो सीडी, ‘.पीसीटी’ म्हणजे अ‍ॅपलचं पिक्ट, आणि यांतलं कुणीही पीसीएक्स नाही. ‘.पीसीसी’ मात्र पीसीएक्सच आहे. पेंटब्रशमध्ये चित्राचा कापलेला तुकडा या नावाने साठवत. शेपटी बदलून ‘.पीसीएक्स’ करा, उघडेल.

पहिले १२८ बाइट

आता एचएक्सडी हा फुकट हेक्स एडिटर घ्या आणि फाइलची नक्कल त्यात उघडा. प्रत्येक बाइट दोन चिन्हांत दिसतो: ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. इथे मी ती अक्षरं देवनागरीत लिहितो आहे, तेव्हा ‘०ए’ म्हणजे आपले १० आणि ‘एफएफ’ म्हणजे २५५. एका ओळीत १६ बाइट, म्हणजे पीसीएक्सचं हेडर म्हणजे पडद्यावरच्या बरोबर पहिल्या आठ ओळी. कामाची माहिती त्यांतल्या पहिल्या पाच ओळींत आहे.

समजा पहिली ओळ अशी आहे:

०ए ०५ ०१ ०८ ०० ०० ०० ०० ७एफ ०२ डीएफ ०१ २सी ०१ २सी ०१

पहिला बाइट ‘०ए’ ही पीसीएक्सची ओळखखूण. दुसरा आवृत्तीचा: ० असेल तर फार जुनी फाइल, २ म्हणजे पॅलेटसकट (पॅलेट म्हणजे चित्रातल्या रंगांची यादी), ३ म्हणजे पॅलेटशिवाय, ४ म्हणजे विंडोजवरच्या पेंटब्रशची, ५ म्हणजे नंतरची. २५६ रंग आणि २४-बिट रंग फक्त ५ मध्ये असतात. तिसरा ‘०१’ म्हणजे दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) डेटा. चौथा दर प्लेनमध्ये, म्हणजे चित्र ज्या थरांत साठवतात त्या प्रत्येक थरात, एका पिक्सेलला किती बिट ते सांगतो, इथे ८.

पुढचे आठ बाइट म्हणजे चित्राच्या चार कडा, प्रत्येकी दोन बाइट: डावी, वरची, उजवी, खालची. यात खालच्या स्थानाचा बाइट आधी, वरच्या स्थानाचा नंतर असतो, म्हणून ‘७एफ ०२’ उलटं वाचायचं: ०२७एफ, म्हणजे २ गुणिले २५६ अधिक १२७, म्हणजे ६३९. डावी कड ० असल्यामुळे रुंदी ६३९ वजा ० अधिक १, म्हणजे ६४०. तसंच ‘डीएफ ०१’ म्हणजे ४७९, उंची ४८०. हे अधिक एक विसरणारे प्रोग्राम होऊन गेले आहेत, त्यामुळे चित्राची शेवटची ओळ किंवा उजवा पिक्सेल गायब दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. ओळीतले शेवटचे चार बाइट डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके, इथे ३०० गुणिले ३००.

दुसरी, तिसरी, चौथी ओळ मिळून ४८ बाइट म्हणजे १६ रंगांची पॅलेट, प्रत्येक रंगाला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट.

पाचव्या ओळीचा पहिला बाइट सोडा. दुसरा प्लेनची संख्या. तिसरा-चौथा मिळून एका ओळीला लागणारे बाइट, आणि हा आकडा नेहमी सम असतो. पाचवा-सहावा पॅलेटचा प्रकार: १ म्हणजे रंगीत किंवा कृष्णधवल, २ म्हणजे करड्या छटा.

बिट आणि प्लेन या दोन आकड्यांवरून चित्राची जात ठरते. १ बिट, १ प्लेन: निव्वळ काळं-पांढरं, म्हणजे बहुतेक स्कॅन आणि फॅक्स. १ बिट, ४ प्लेन: १६ रंग, ईजीए-व्हीजीए या जुन्या ग्राफिक्स कार्डांच्या काळातलं. २ बिट, १ प्लेन: त्याहून जुन्या सीजीए कार्डाचे ४ रंग. ८ बिट, १ प्लेन: २५६ रंग. ८ बिट, ३ प्लेन: पूर्ण २४-बिट रंग. ही जात एका कागदावर लिहून ठेवा; पुढचा प्रत्येक इलाज तिच्यावरून ठरतो.

दाबण्याची पद्धतही समजून घेतली की बरं. बाइटचे वरचे दोन बिट १ असतील, म्हणजे तो सी० किंवा त्याहून मोठा असेल, तर तो बाइट रंग नसून गणना असते: खालचे सहा बिट किती वेळा ते सांगतात आणि पुढचा बाइट काय ते सांगतो. ‘सी५ ०७’ म्हणजे ०७ पाच वेळा. जास्तीत जास्त ६३ वेळा. ३०० डीपीआयचा कोरा ए-फोर कागद घ्या: २४८० पिक्सेल रुंद, एका ओळीला ३१० बाइट, आणि ते पाच जोड्यांत, म्हणजे फक्त १० बाइटांत बसतात. रेखाचित्रांना ही पद्धत छान. फोटोंचा मात्र ती घात करते: १९२ किंवा त्यावरचा प्रत्येक सुटा बाइट लिहायला दोन बाइट लागतात, म्हणजे एकटा २०० लिहायचा तर ‘सी१ सी८’ लिहावं लागतं. दाबलेली फाइल न दाबलेलीपेक्षा मोठी झालेली दिसली तर ती बिघडलेली नाही, फोटो आहे इतकंच.

पहिलाच बाइट ०ए नाही

मग काय आहे ते पाहा. उजवीकडच्या अक्षरांच्या पट्टीत ‘बीएम’ दिसलं तर ती बिटमॅप आहे, ‘जीआयएफ’ दिसलं तर जीआयएफ, ‘एफएफ डी८’ असेल तर जेपीईजी, ‘पीके’ असेल तर झिप. कुणीतरी शेपटी चुकीची लावली; नाव बदला, काम झालं. बी१ ६८ डीई ३ए अशी सुरुवात असेल तर ती डीसीएक्स आहे, तिच्याबद्दल पुढे. सगळीकडे ०० किंवा सगळीकडे एफ६ असेल तर मात्र चित्र तिथे नाहीच. एफ६ हा डॉस फॉरमॅट करताना भरत असे, म्हणजे फ्लॉपीच्या त्या भागावर कधी काही लिहिलंच गेलं नाही किंवा नंतर फॉरमॅट झाला.

सगळ्यात मजेची अवस्था म्हणजे सुरुवात ‘०डी ०ए ०५ ०१’ अशी असणं. पीसीएक्सची ओळखखूण ०ए हीच युनिक्सची नवी ओळ सुरू करण्याची खूणही आहे. फाइल कधीतरी एफटीपीवरून (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने) टेक्स्ट मोडमध्ये आली की मधल्या प्रोग्रामने ती खूण डॉसच्या रीतीची ‘०डी ०ए’ करण्यासाठी प्रत्येक ०ए च्या आधी एक ०डी घुसवलेला असतो. हेडर सरकतं, सगळंच सरकतं. पण इलाज सोपा आहे. एचएक्सडीत शोधा-आणि-बदला उघडा, प्रकार हेक्स-व्हॅल्यूज ठेवा, ‘०डी ०ए’ शोधून त्या जागी ‘०ए’ घाला, सगळीकडे एकदम. मुळात खरोखर ‘०डी ०ए’ असलेल्या जागा ‘०डी ०डी ०ए’ झालेल्या असतात, त्या या बदलाने पुन्हा मूळपदावर येतात. नव्या नावाने साठवा आणि उघडून पाहा. याच्या उलट, म्हणजे कुणी ०डी गाळून टाकले असतील, तर ते कुठे होते हे फाइलवरून कळत नाही. अशा वेळी दुसरी प्रत शोधण्यात वेळ घालवणं चांगलं.

उघडतं, पण रंगांचा विचका झालेला असतो

ही तक्रार २५६ रंगांच्या चित्रांची. हेडरमध्ये जागा फक्त १६ रंगांना, म्हणून २५६ रंगांची पॅलेट फाइलच्या अगदी शेवटी जोडलेली असते: एक ०सी आणि त्यामागे ७६८ बाइट, एकूण ७६९. प्रोग्राम शेवटून ७६९ बाइट मागे जातो, तिथे ०सी दिसला तर पॅलेट उचलतो, नाही दिसला तर करड्या छटा लावतो किंवा आपल्या मनाचे रंग. आकृती ओळखू येते पण माणसाचा चेहरा हिरवा, आकाश जांभळं.

म्हणजे शेवटी काहीतरी जास्तीचं चिकटलं आहे किंवा शेवट तुटला आहे.

चिकटण्याची कारणं त्या काळाच्या रीतींत आहेत. मॉडेमवरून एक्समोडेम या पद्धतीने आलेल्या फाइलीचा शेवटचा ठोकळा १२८ बाइटांचा पुरा करण्यासाठी बहुधा १ए भरले जात. डिलीट झालेली फाइल परत आणणारे प्रोग्राम शेवटच्या क्लस्टरचा, म्हणजे डिस्कवर फाइलला दिलेल्या शेवटच्या तुकड्याचा, कचराही सोबत आणतात, त्यामुळे फाइलचा आकार बरोबर ५१२ च्या पटीत दिसला की संशय घ्यावा. डिस्क तपासणाऱ्या चेकडिस्कने काढलेल्या ‘फाइल००००.सीएचके’ अशा फाइलींचंही हेच. त्या हेक्स एडिटरमध्ये उघडून ‘०ए ०५ ०१’ दिसलं तर शेपटी बदला, चित्र असतं.

जास्तीचं कापायचं कसं? शेवटच्या हजार-दीड हजार बाइटांत ‘०सी ०० ०० ००’ शोधा. पॅलेटमधला पहिला रंग बहुतेक काळा असतो, म्हणून हा माग लागतो. सापडलेल्या ०सी पासून ७६९ बाइट मोजा आणि त्यापुढचं सगळं पुसून साठवा. केवळ शेवटी ००, ०० दिसतात म्हणून ती कापत सुटू नका. पॅलेटमधले न वापरलेले रंगही शून्यच असतात. मोजून कापा.

शेवट तुटलेला असेल तर पॅलेट गेलीच. पण त्याच फ्लॉपीवर त्याच कामाची दुसरी चित्रं असतील तर त्यांची पॅलेट बहुधा तीच असते. चांगल्या फाइलचे शेवटचे ७६९ बाइट कॉपी करा, तुटक्या फाइलच्या शेवटी चिकटवा. एकाच स्कॅनरवर एकाच बैठकीत केलेल्या चित्रांना हे लागू पडतं, खेळांच्या चित्रांना तर हमखास.

खेळांचा विषय निघाला म्हणून: डूम आणि क्वेक हे खेळ आपले स्क्रीनशॉट पीसीएक्समध्येच साठवत. क्वेक २ मधले खेळाडूंचे पोशाखही याच फॉरमॅटमध्ये आहेत. ‘डूम००’ अशा नावाची फाइल सापडली तर ते तुमच्या छापखान्याचं काम नव्हे, ऑपरेटरच्या रात्रपाळीचा पुरावा आहे.

आणखी एक प्रकार: रंग बरोबर आहेत, पण सगळं चित्र काळोखात बुडालेलं. पॅलेटमधले बाइट पाहा. एकही ३एफ च्या वर नसेल तर ती फाइल लिहिणाऱ्याने व्हीजीए कार्डाचे ० ते ६३ हे आकडे तसेच उतरवले, ० ते २५५ केले नाहीत. गिम्पमध्ये चित्र उघडून आधी मोड आरजीबी करा, मग लेव्हल्समध्ये इनपुटचं वरचं टोक २५५ वरून ६३ वर आणा. दिवा लावल्यासारखं चित्र उजळतं.

काळं-पांढरं चित्र पूर्ण काळं किंवा उलटं दिसतं

डीटीपीच्या जुन्या मालात सगळ्यात जास्त भेटणारी अडचण हीच, आणि सगळ्यात सोपी. १ बिट, १ प्लेनच्या चित्रात ० काळा आणि १ पांढरा, पॅलेटची गरजच नाही. म्हणून कित्येक स्कॅनर-प्रोग्रामांनी हेडरमधले ४८ बाइट शून्य ठेवले. आजचा एखादा प्रोग्राम मात्र ती पॅलेट प्रामाणिकपणे वाचतो: पहिला रंग काळा, दुसराही काळा. झालं, सबंध पान काळं.

एचएक्सडीत दुसऱ्या ओळीचे पहिले सहा बाइट ‘०० ०० ०० एफएफ एफएफ एफएफ’ करा, साठवा, उघडा. काळं-पांढरं उलटं दिसत असेल तर हेच सहा बाइट उलट क्रमाने, आधी एफएफ मग ००. एक-दोनच चित्रं असतील तर गिम्पमध्ये इन्व्हर्ट केलं तरी चालेल, पण पूर्ण काळ्या पानाला इन्व्हर्टचा उपयोग नाही. ते पूर्ण पांढरं होईल इतकंच.

१६ रंगांच्या चित्रांत आवृत्ती ३ असेल तेव्हाही असंच होतं. हेडरमध्ये पॅलेटच्या जागी कचरा असतो, तो वाचायचाच नसतो. ईजीएचे ठरलेले १६ रंग लावायचे असतात. दुसरा प्रोग्राम वापरून पाहा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. सीजीएच्या ४ रंगांच्या फाइलींत पॅलेट लिहिण्याची रीत इतकी विचित्र होती की तिच्या नादी लागू नये. चार रंग गिम्पच्या कलरमॅपमध्ये हाताने बदलायला किती वेळ लागतो?

चित्र तिरकं पडतं, तुटतं, चपटं दिसतं

तिरकं चित्र, म्हणजे प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी सरकलेली. पाचव्या ओळीतला बाइट-प्रति-ओळ हा आकडा आठवा. तो सम असतो. ८ बिटांचं चित्र ६४१ पिक्सेल रुंद असेल तर ओळ ६४२ बाइटांची असते, शेवटचा एक भरतीचा. तो न सोडता पुढे जाणारा प्रोग्राम प्रत्येक ओळीला एक पिक्सेल घसरतो. असं दिसलं तर फाइलला हात लावू नका, प्रोग्राम बदला. मात्र हेडरमधला आकडाच विषम, किंवा ८ बिटांच्या चित्रात रुंदीपेक्षा कमी असेल तर फाइल लिहिणाऱ्याची चूक. मग तो आकडा एक-एकने बदलून चित्र सरळ होईपर्यंत पाहायचं. हे काम किचकट वाटतं, पण दोन-चार प्रयत्नांत जमतं.

वरचा भाग ठीक आणि एका ओळीपासून खाली सगळं विस्कटलेलं, असं असेल तर मधला एखादा सेक्टर (फ्लॉपीवरचा छोटा तुकडा) वाचला गेलेला नाही. फ्लॉपी पुन्हा, शक्यतो दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचून पाहा. ड्राइव्ह बदलल्यावर फ्लॉपी वाचली जाते हे अनेकदा होतं.

फाइल मध्येच संपलेली असेल आणि प्रोग्राम ती उघडायलाच तयार नसेल, तर उंची कमी करा. समजा ४८० पैकी साधारण ३०० ओळी हाती आहेत. खालची कड २९९ करायची, म्हणजे हेक्समध्ये ०१२बी. पहिल्या ओळीतल्या ‘डीएफ ०१’ च्या जागी ‘२बी ०१’. प्रोग्रामला तेवढ्याच ओळी हव्या असतात, तो गप उघडतो. चित्र २५६ रंगांचं असेल तर वर सांगितल्याप्रमाणे पॅलेटही जोडावी लागेल. अर्धा नकाशा हा काहीच नसण्यापेक्षा बरा.

चपटं चित्र हा बिघाड नाहीच. ३२० गुणिले २०० चा पडदा जुन्या मॉनिटरवर ४:३ आकारात ताणून दिसे, त्यांचे पिक्सेल चौरस नव्हते. आज ते चित्र आडवं, बसकं दिसतं. मूळ जसंच्या तसं जपून ठेवा आणि दाखवण्यासाठी वेगळी प्रत ३२० गुणिले २४० ची करा. ६४० गुणिले ३५० असेल तर ६४० गुणिले ४८०. छापताना चित्र टपाल तिकिटाएवढं आलं, तर डीपीआय पाहा. काही प्रोग्रामांनी त्या जागी डीपीआयऐवजी पडद्याचा आकार, म्हणजे ६४० आणि ४८०, लिहून ठेवलेला आहे. इरफानव्ह्यूत आय दाबलं की माहितीची खिडकी येते, तिथे डीपीआय बदलून साठवा.

डीसीएक्स: एका फाइलीत अनेक पानं

जुन्या फॅक्स-मॉडेमचे प्रोग्राम आलेला फॅक्स डीसीएक्समध्ये ठेवत. ही वेगळी जात नाही. अनेक पूर्ण पीसीएक्स एकामागे एक आणि सुरुवातीला प्रत्येक पान कुठे सुरू होतं त्याची यादी. जास्तीत जास्त १०२३ पानं. इरफानव्ह्यूत उघडून पर्याय मेनूतून बहुपानी चित्रांची सगळी पानं वेगळी काढता येतात. यादी खराब असेल तर एचएक्सडीत ‘०ए ०५ ०१ ०१’ किंवा ‘०ए ०३ ०१ ०१’ शोधत जा. जिथे सापडेल तिथून पुढच्या सापडण्यापर्यंतचा भाग नव्या फाइलीत चिकटवा. पायथॉन येत असेल तर पिलो लायब्ररी पीसीएक्स आणि डीसीएक्स दोन्ही वाचते, ढीग मोठा असेल तर तोच रस्ता.

उघडलं, आता साठवायचं कशात

पीएनजीत. जेपीईजीत नाही. पीसीएक्समधली बहुतेक चित्रं मोजक्या सपाट रंगांची आणि धारदार कडांची असतात, आणि जेपीईजी नेमक्या त्या कडांभोवती मळ आणतं. पीएनजी एक पिक्सेलही हलवत नाही, १ बिटाचं चित्र १ बिटाचं ठेवू शकतं आणि २५६ रंगांची पॅलेटही सांभाळतं. साठवण्यापूर्वी प्रोग्रामने मोड गुपचूप आरजीबी केला नाही ना, एवढं पाहा. लेव्हल्स लावण्यासाठी आरजीबी केलेली चित्रं त्याला अपवाद. छापखान्याला काळी-पांढरी रेखाचित्रं द्यायची असतील तर ग्रुप ४ दाबणीची टिफ घ्या, तीही काही गमावत नाही.

शेकडो फाइली असतील तर इरफानव्ह्यूत बी दाबून बॅच उघडा, सगळ्या पीसीएक्स आत घाला, बाहेर पीएनजी निवडा, आणि मूळ फाइलची तारीख राखण्याचा पर्याय चालू करा. डॉसच्या फाइलनावात फक्त आठ अक्षरं मावत; ‘जीएनपीटी०३’ म्हणजे काय हे पुढच्या माणसाला कळणार नाही. तिथे ‘१४ ऑगस्ट १९९३’ ही तारीखच कधी कधी एकमेव धागा असते, तो तुटू देऊ नका. बॅच संपल्यावर आत किती आणि बाहेर किती फाइली आहेत ते मोजा. जी चित्रं नापास झाली त्यांचीच यादी घेऊन वरचे इलाज करा. सगळ्याच फाइली हेक्स एडिटरमध्ये उघडत बसण्याची काही गरज नाही.

आणि मूळ पीसीएक्स पुसू नका. एका फ्लॉपीभर चित्रं आजच्या एका मोबाइल फोटोएवढीही जागा घेत नाहीत. हेडरमध्ये बदल केलेल्या फाइलीच्या नावापुढे ‘दुरुस्त’ लावा आणि कोणता बाइट का बदलला हे शेजारी एका टेक्स्ट फाइलीत एका ओळीत लिहून ठेवा.